आत अडकलेली हवा

यंत्रातल्या बाईचा आवाज आमच्या बेटावरचा नव्हता, स्पेनचा होता. "श्वास घ्या. धरा." इतकंच तिला येत होतं, पण तेवढंही ती असं म्हणायची, जणू आम्ही सगळे तिच्या दारात पाणी मागायला आलोय. मी उताणी पडलेले, हात डोक्याच्या वर. मनात एवढंच की या बाईला आमच्या कारखान्यात कोणी अर्धा दिवससुद्धा वाचू दिलं नसतं.

आमच्या सिगारच्या कारखान्यात काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवणारा असतो, आणि त्याला साहेब नेमत नाही. सिगार वळणारे हात वर करून निवडतात. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचन आवडलं की बिनमुठीची वाकडी पाती, चवेता म्हणतात तिला, फळीवर ठोकतात. नाही आवडलं तर खाली टाकतात. माझ्या वाचनाला ती खाली पडल्याचं मला आठवत नाही. हे फुशारकीने सांगत नाही. नंतर काय काय गेलं ते कळावं म्हणून सांगते.

पलंग यंत्राच्या कड्यातून बाहेर आला, परत आत गेला. आता स्पेनची बाई गप्प. काचेपलीकडून डॉक्टर आर्रेचेया स्वतः माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "मुली, आता सगळी हवा बाहेर काढ. अजून. अजून आहे. काढ. आणि तशीच रिकामी थांब."

अजून होती. पण निघत नव्हती.

*

एवेलियो, माझा नवरा, बाहेर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवून डॉक्टरांनी समजावलं. त्यांचं वय झालंय, शिकवायची सवय आहे, आणि यंत्र त्या आठवड्यात चालू होतं म्हणून त्या खुशीत होत्या.

एक्स-रे म्हणजे मिटलेलं पुस्तक उजेडासमोर धरणं, असं मी म्हटलं, आणि त्यांना ते पटलं. सगळी पानं एकावर एक दिसतात, हृदयाच्या मागे काय लपलंय ते कळत नाही. हे यंत्र गळ्यापासून पोटाच्या पडद्यापर्यंत एकेक पान सुटं करतं. त्या बोटाने चाक फिरवत होत्या आणि माझी छाती पानं उलटावीत तशी उलटत होती. बरगड्या पांढऱ्या. रक्ताच्या नळ्या पांढऱ्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. हवा काळी. जिथे काळं असायला हवं तिथे मला जागोजागी राखाडी धुकं दिसलं. घासलेल्या काचेसारखं. काचेमागच्या फांद्या दिसत होत्या, पण पुसट.

"हे आत घेतलेल्या श्वासाचं. आता सोडलेल्याचं बघ."

हवा गेली की फुफ्फुस आकसतं आणि चित्रात उजळतं. माझं सगळीकडे उजळलं नव्हतं. मध्येमध्ये काळे तुकडे तसेच राहिलेले, फरशीतल्या काळ्या चौकोनांसारखे. तिथे हवा गेली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. बारीक वाटा सुजल्या आहेत, डॉक्टर म्हणाल्या. तुझं शरीर हवेतल्या कशावर तरी चिडलंय. रोज चिडतंय. ते काय, हे चित्रात लिहून येत नाही. ते तुम्ही सांगायचं.

तंबाखू, मी म्हटलं. दिवसभर पानांच्या धुळीत असते.

तंबाखू असू शकतो, त्या म्हणाल्या. पण असं चित्र जास्त करून पाखरांचं असतं. घरात पाखरं आहेत?

एवेलियोने टोपी गुडघ्यावरून उचलली आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

*

होती. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, फळ्यांच्या खुराड्यात. एवेलियो कबुतरवाला. आमच्या भागातल्या गच्च्यांवर कबुतरांची लढाई चालते. छाती फुगवणारा देखणा नर सोडायचा, त्याने दुसऱ्याच्या गच्चीवरची मादी भुलवून आपल्या खुराड्यात आणायची. आली की ती आपली. परत मागायची नाही, तक्रार करायची नाही. मालक रस्त्यात भेटला तरी दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. एवेलियोचा मार्केस हा नर म्हणजे निळसर पाटीच्या रंगाचा, मानेवर तांब्याची झाक. समुद्राकाठच्या मलेकोनच्या भिंतीपासून ते विद्यापीठाच्या पायऱ्यांपर्यंत निम्म्या बायका त्याने पळवल्यात, असं लोक म्हणायचे. कबुतरांच्या बायका. एवेलियोची छाती मात्र स्वतःच पळवल्यासारखी फुगायची.

डॉक्टरांनी बजावलं. पाखरं, त्यांची घाण, त्यांची पिसं, त्यांना हाताळलेले कपडे, पाखरांचं जे जे काही असेल ते घरातून जायला हवं. नाहीतर धुक्याच्या जागी व्रण होतात, आणि व्रण परत जात नाहीत. हे त्यांनी माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघून सांगितलं.

त्या रविवारी त्याने खुराडं मोडलं. सगळी इमारत बघायला गच्चीवर. फळ्यांचे खिळे उपटताना तो रडला. साध्या कबुतरांची त्याने वाटणी केली आणि मार्केस दिला ओरेस्तेसला. ओरेस्तेस आमच्याच सिगार वळायच्या दालनात दुसऱ्या रांगेत बसतो आणि खाडीपलीकडे रेग्लात राहतो. पिशवीत घालून, बोटीत बसून एवेलियो स्वतः देऊन आला.

मला अपराध्यासारखं वाटलं. मी त्या संध्याकाळी काळे घेवडे शिजवले, कुठून तरी डुकराच्या मटणाचा तुकडा पैदा केला. तो जेवला नाही.

त्यानंतर त्याने स्वतःचे शर्ट स्वतः धुवायला सुरुवात केली. गच्चीवर नेऊन, तिथेच वाळत घालून. मी दालनात सांगितलं. बायकांनी आपापल्या नवऱ्यांना आठवडाभर टोमणे मारले. सिगार वळणारी नेरेइदा म्हणाली, झेना, त्याचा एक भाऊबिऊ असेल तर कळव, म्हातारा असला तरी चालेल, फक्त हात शाबूत हवेत.

मी हसले. खोकला न येता हसले.

*

बरं वाटलं होतं. हे नोंदवून ठेवायला हवं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तोंड चंद्रासारखं गोल झालं, पण एका दमात एक उतारा वाचता येऊ लागला.

मग गोळ्या कमी केल्या.

मग परत तोच खोकला.

आधी शेवटचा शब्द गेला. वाक्य पूर्ण व्हायच्या आत हवा संपायची आणि शेवटचा शब्द ओठांवरच राहायचा. वळणारे तो स्वतः म्हणायचे. गंमत म्हणून. मग गंमत म्हणून नाही. गच्चीचा लोखंडी जिना मी सोडून दिला. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होई, म्हणून मी बसूनच झोपायला लागले, आणि एवेलियोने मला एक जाड उशी शिवून दिली. दुकानात उश्या कुठे मिळतात. त्याने गादीवाल्याकडून कापूस मिळवला म्हणाला. इतकी मऊ उशी मी आयुष्यात बघितली नव्हती. तिच्यात तोंड खुपसून मी झोपायची.

डॉक्टर म्हणाल्या, पाखरं गेली आणि तरी हे चालू आहे, तर मग तंबाखूच. नक्की पाखरं गेली ना? एवेलियो म्हणाला, डॉक्टर, सगळ्या गल्लीला विचारा.

त्याने हे म्हटलं. सगळ्या गल्लीला विचारा.

मी वाचायचा चौथरा सोडला, कारखाना सोडला. शेवटच्या दिवशी एक प्रकरण अर्धं राहिलं होतं, ते संपवायला मला दुपार पुरली नाही. दीडशे चवेता ठोकल्या गेल्या, इतक्या वेळ की साहेब बाहेर आले. नेरेइदाने स्वतःची जुनी चवेता मला दिली. माझ्या जागी ग्लादिस आली, निवृत्त मास्तरीण. दुपारी मी घरी बसून आता कादंबरीत काय चाललं असेल याचा विचार करायची. दारंखिडक्या बंद करून. धूळ नको म्हणून.

गच्चीवर त्याची पावलं वाजायची. शर्ट वाळत घालतोय, असं मी समजायची.

*

दुसऱ्या तपासणीला एवेलियो आला नाही. टाकीची तोटी गळतेय म्हणाला.

"घ्या. धरा." स्पेनची बाई अजून तशीच. डॉक्टरांनी दोन्ही खेपा शेजारी शेजारी लावल्या, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, आणि चाक फिरवू लागल्या. तेच पान, तेच पान, तेच पान. मला शिकवावं लागलं नाही. मी आयुष्यभर एकच मजकूर दोन छापांमध्ये पडताळून बघितलाय.

उजवीकडे धुकं जास्त होतं. काळे चौकोन जास्त होते. आणि एक नवीन गोष्ट होती. वरच्या बाजूला बारीक पांढऱ्या रेघा, एकमेकींत गुंतलेल्या.

"ही काच नाही," मी म्हटलं.

"नाही. काच पुसता येते. ही जाळी आहे. हे व्रण."

"जातात?"

त्यांनी चाक फिरवणं थांबवलं. मग हळू आवाजात सांगितलं की वाढणं थांबवता येतं, पण आलेली जात नाही. कारखाना सोडून चार महिने झाले, म्हणजे हे पान तंबाखूचं नाही, त्या म्हणाल्या. तंबाखूचं असतं तर इथे निवळलं असतं. उगाच घरी बसवलं तुला, मुली. हे मी म्हणते, चूक माझी. पण मला जे सांगितलं गेलं त्यावर मी ठरवलं.

मग पुन्हा पहिल्यापासून प्रश्न. खिडकीखाली कोंबड्या? नाहीत. शेजारी पोपट? नाही. पाखरांची खेळणी, पिसांची टोपी, पिसांचा झाडू? नाही, नाही, नाही. झोपतेस कशावर?

गादीवर. आणि उशी आहे, नवऱ्याने शिवलेली.

"कशाची?"

"कापसाची."

"उघडून बघितलीस?"

*

नेरेइदाच्या चवेतेने उशीची शिवण कापड न दुखावता उघडली. चांगलं पातं होतं.

पाटीच्या रंगाची पिसं. छातीची, पोटाखालची, बोटभरही नसलेली. साबणाचा वास. मधूनमधून मानेची, ज्यांच्यावर तांब्याची झाक असते.

खुराडं मोडल्यावर कितीतरी दिवसांनी ही उशी शिवली होती.

मी तोंडावर ओला पंचा धरला आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून एवेलियोसाठी एक खोटं तयार केलं. मार्केस जाण्याआधीची साठवलेली पिसं असतील. पोत्यात राहिली असतील. टाकवली नसतील त्याला. धुऊन, उन्हात वाळवून, बायकोला मऊ लागावं म्हणून भरली असतील. मूर्खपणा असेल, बाकी काही नसेल. मी ते खोटं नीट घासूनपुसून दारापाशी ठेवलं, की तो आत येईल आणि उचलून घेईल.

तो आला. उशी बघितली. त्याने माझं खोटं उचललंसुद्धा नाही.

"परत आला तो," एवेलियो म्हणाला.

मग सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. दुसऱ्याच दिवशी खाडी ओलांडून मार्केस टाकीवर येऊन बसला होता. एवेलियोने त्याला पुन्हा दिलं, लांब, ग्वानाबाकोआत. तिसऱ्या दिवशी तो परत आला, वर कोणाची तरी मादी घेऊन. तिसऱ्यांदा मला देववलं नाही, तो म्हणाला. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर टाकीच्या मागे जागा होती. तू तर वर येत नव्हतीस.

मी वर येत नव्हते, कारण मला जिना चढवत नव्हता. कारण.

शर्ट?

धूळ घरात येऊ नये म्हणून. तुझ्यासाठीच.

उशी?

दोनदा उकळली, म्हातारे. साबण घालून. तू बसून झोपायचीस ते मला बघवत नव्हतं.

मला वाटतं हेही खरं असावं. हेच सगळ्यात वाईट होतं.

मी विचारलं, डॉक्टर मला कारखान्यातून काढत होत्या तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास. त्याने मान हलवली. तुला माहीत होतं, मी म्हटलं. त्याने पलंगावर सांडलेलं एक पीस उचलून मुठीत घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, दोन्हीपैकी एक असेल. तंबाखू असला तर माझा वाचेल."

माझा वाचेल. तो पाखराबद्दल बोलत होता.

आजच देऊन टाकतो, एवेलियो म्हणाला. आत्ता जातो. मी म्हटलं, देऊ नकोस. दिली की ती परत येतात. तू जा त्यांच्याबरोबर.

त्याला वाटलं मी रागात बोलतेय. मी त्याची टोपी त्याच्या हातात दिली. त्याच्या बहिणीचं घर मारियानाओत आहे, मागे अंगण आहे. त्याने जिन्यावरून दोन वेळा मागे बघितलं. मग गच्चीवर गेला. पिंजरा आधी उतरवला, आणि नंतर कपड्यांची पिशवी.

*

कारखान्यात जायला डॉक्टरांची हरकत नव्हती, दम असेल तितकं वाच म्हणाल्या. पण जागा ग्लादिसची होती. जागा हवी तर दालनाकडे मागावी लागते. मी मागायला गेले. मला दुसरं काही नको होतं. नवरा गेला, छातीतली जाळी जाणार नव्हती, निदान ती खुर्ची.

साहेबांनी काम थांबवलं. मी चौथऱ्यावर चढले, पायऱ्या तीनच आहेत, आणि दम खाऊन सांगितलं की तंबाखू नव्हता. कबुतरं होती. मार्केस गेलाच नव्हता.

मी थांबले. आश्चर्यासाठी जागा सोडली. वाचणाऱ्याला ते माहीत असतं, अशा ठिकाणी दालन आवाज करतं.

दालनाने आवाज केला नाही.

दुसऱ्या रांगेत कोणीतरी आधीच वळून झालेली सिगार परत वळत होतं. मागे दोघांनी एकमेकांकडे बघून नजर खाली घातली. पंख्याखाली बसणारा ज्याची मादी मागच्या मार्चमध्ये हरवली होती, तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"ओरेस्तेस," मी म्हटलं.

ओरेस्तेस उभा राहिला. तो चांगला माणूस आहे, माझ्या आईच्या मयताला त्याने खांदा दिलाय. म्हणाला, झेना, नर नव्या छपराला लागायला महिनाभर कोंडून ठेवावा लागतो. मी कोंडणार होतो. एवेलियो म्हणाला कोंडू नकोस, खाणार नाही, मरेल. सकाळी दार उघड. मी उघडलं.

"तुला कळलं नाही तो असं का म्हणाला?"

"कळलं."

"मग?"

"पाखराचं भांडण घरात न्यायचं नाही, बाई. असं आहे आमच्यात. कोणाची मादी कोणाकडे आहे हे बायकांना सांगत नाही आम्ही. कधीच नाही सांगितलं."

"मी मादी नव्हते रे," मी म्हटलं.

तो बसला.

मग नेरेइदा. तिच्या भावाची दोन पाखरं मार्केसने नेली होती, गेल्या महिन्यातच. ती रडत होती. मला वाटलं तुला माहीत असेल, ती म्हणाली. वाटलं तू चालवून घेतेस, आपण सगळ्या नवऱ्यांचं काहीतरी चालवून घेतोच की. तुझ्या तोंडावर कशाला आणायचं.

म्हणजे मी शेवटच्या दिवशी इथे बसून खोकत होते, तेव्हा यातल्या कितीजणांना माहीत होतं की मी चुकीच्या जागेवरून उठतेय. त्यांनी चवेता ठोकल्या. साहेब बाहेर येईपर्यंत ठोकल्या.

ग्लादिस म्हणाली, घ्या बाई तुमची खुर्ची, माझा घसा बसलाय. साहेबांनी मत विचारलं. सगळे हात वर गेले. एकही खाली नव्हता, ओरेस्तेसचा सगळ्यांत उंच. यापूर्वी मी निवडून आले तेव्हा सोळाजण माझ्या विरोधात होते, आणि मनातलं मत देणारे ते सोळा मला आज हवे होते.

मी बसले. वर्तमानपत्र समोर घडी करून ठेवलेलं होतं. ते बाजूला केलं आणि पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला.

"छातीचा स्कॅन," मी वाचायला लागले. "दोन्ही फुफ्फुसांत घासलेल्या काचेसारखे," इथे हवा संपली, थांबले, घेतली, "पुसट भाग. श्वास सोडल्यावर हवा आत अडकून राहिल्याचं दिसतं." अडकून म्हणजे काय ते मी थांबून समजावलं. आत गेलेली हवा बाहेर येत नाही, म्हणून नवीन हवेला जागा उरत नाही. काळे चौकोन कसे दिसतात ते बोटांनी हवेत काढून दाखवलं. कादंबरीतला अवघड शब्द मी असाच सोडवून द्यायचे. "वरच्या भागात जाळीदार रेघा." जाळी म्हणजे व्रण. व्रण पुसत नाहीत.

कोणीतरी चवेता ठोकली. एकदाच, हळू. मी मान वर केली नाही. ठोकणारा थांबला.

"आधीच्या तपासणीशी तुलना करता," मी वाचलं, आणि श्वास घेतला, आणि अजून एक घेतला, "वाढ."

कागद तिथे संपत होता. खाली डॉक्टरांची सही. दालनात कोणी पान उचललं नव्हतं, कोणी वळत नव्हतं. मागच्या रांगेपर्यंत माझा आवाज पोचला नसावा, असं मला वाटलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.